सोनपेठच्या संग्राहकाने काय जमवावे?

पोस्टाच्या तिकिटांचा छंद हा मोठ्या शहरांचा छंद आहे, असा एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे. त्याला कारणही आहे. नवे तिकीट निघाले की ते मिळते मुंबईच्या जीपीओत, पुण्याच्या आणि नागपूरच्या फिलाटेलिक ब्युरोत. प्रदर्शने भरतात तीही तिथेच. जुन्या तिकिटांचे व्यापारी, जाडजूड कॅटलॉग, जाणकार मंडळी, सारे शहरात. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी पोस्टाच्या खिडकीवर विचारणा केली, तर पाच रुपयांचे रोजच्या वापरातले तिकीट मिळेल आणि पोस्टमास्तर फार तर आस्थेने विचारतील की याचे तुम्ही करता काय.

तरीही माझे मत असे की मराठवाड्यातल्या छोट्या गावच्या संग्राहकाला शहरातल्या संग्राहकाचा हेवा वाटायचे काही कारण नाही. त्याने शहराची नक्कल सोडली पाहिजे, एवढेच. ब्युरोतून येणाऱ्या कोऱ्या करकरीत तिकिटांमागे धावण्यात त्याचा पैसा जाईल आणि हाती सगळ्यांकडे असते तेच येईल. त्याच्या भोवतालच्या घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत जे पडून आहे ते मात्र मुंबईच्या संग्राहकाला पैसे मोजून विकत घ्यावे लागते.

सुरुवात निजामापासून करावी लागेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचे टपालखाते स्वतःचे होते. हैदराबादने पहिले तिकीट १८६९ मध्ये काढले, एक आण्याचे, हिरवट रंगाचे. पुढच्याच वर्षी अर्ध्या आण्याचे आणि दोन आण्यांचे तिकीट आले. त्यांच्या विरळ, रेघारेघांच्या नक्षीमुळे संग्राहक त्यांना ‘स्केलेटन’ म्हणतात. १८७१ पासून आलेली तिकिटे मात्र दीर्घायुषी ठरली, थोड्याफार फरकाने ती काही दशके चालली. मधोमध फारसी लिपीतला मजकूर, आणि सोबत इंग्रजी, तेलुगू व देवनागरी अक्षरांत किंमत. ज्या राज्यात पुढे उच्च शिक्षण उर्दूतून दिले गेले आणि मराठी शाळांसाठी लोकांना झगडावे लागले, त्या राज्याच्या तिकिटावर मराठी किंमत छापलेली होती, हे विसंगत वाटते. पण तिकीट विकायचे तर घेणाऱ्याला किंमत वाचता यायला हवी, हा साधा व्यवहार निजामाच्या टपालखात्याला कळत होता.

१८७३ पासून सरकारी टपालासाठी याच तिकिटांवर फारसी लिपीत ‘सरकारी’ असा शब्द छापू लागले. तहसीलच्या, पोलिसांच्या, शाळाखात्याच्या जुन्या लखोट्यांवर ही तिकिटे सापडतात. नवख्याला तो छाप म्हणजे कोणीतरी मारलेला शिक्का वाटतो आणि तिकीट खराब समजून तो बाजूला टाकतो. तसे करू नये.

मग येते १९३१ ची चित्रमालिका. संग्राहकाने निदान एवढी एक मालिका ओळखायला शिकावे, कारण आपल्याकडच्या घरांत सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त तिचीच. ४ पै आणि ८ पैच्या तिकिटांवर नुसती नक्षी व अक्षरे, एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचे विद्यालय आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. पाहा, मराठवाड्याची दोन्ही स्थळे चढ्या किमतीच्या तिकिटांवर गेली. साध्या पत्राला आठ आणे कोण लावणार? त्यामुळे चारमिनार पैशाला पासरी मिळतो, पण अजिंठ्याचे तिकीट पाकिटावर चिकटलेल्या, रीतसर प्रवास केलेल्या अवस्थेत मिळणे दुर्मीळ. सुटे तिकीट आणि पाकिटावरचे तिकीट यांच्या मोलातला फरक इथेच समजतो. १९३७ मध्ये निजामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार तिकिटे निघाली, त्यांवर युनानी दवाखाना, उस्मानिया रुग्णालय, उस्मानिया विद्यापीठ आणि ज्युबिली हॉल. ती सुंदर आहेत, सहज मिळतात, त्यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरी गंमत आहे ती पत्र राज्याबाहेर जाते तेव्हा. निजामाचे तिकीट संस्थानाच्या हद्दीपुरतेच चाले. सोनपेठहून परभणीला, औरंगाबादला किंवा हैदराबादला लिहिलेल्या पत्राला निजामाचे तिकीट पुरे, पण पुण्याला किंवा सोलापूरला पत्र धाडायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. दोन्ही राज्यांची तिकिटे एकाच पाकिटावर आली असतील तर ते पाकीट जपून ठेवावे. पैशांचा हिशेबही वेगळा होता: संस्थानाचा उस्मानिया शिक्का आणि इंग्रजी रुपया यांचा भाव साधारण सात रुपयांना सहा असा धरीत. तारखा वाचताना आणखी एक अडचण येते. संस्थानी कागदांवर साल फसली असते. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१. एवढे गणित पाठ असले तर आजोबांच्या कागदांची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी भीती उर्दूची, आणि तिच्यासाठी गावातल्याच एखाद्या उर्दू जाणणाऱ्या मौलवींकडे किंवा निवृत्त गुरुजींकडे चहाला जाण्यासारखा दुसरा उपाय नाही.

पोलीस कारवाईने संस्थान भारतात सामील झाल्यानंतरही निजामाची तिकिटे लगेच बंद झाली नाहीत. सप्टेंबर १९४८ ते १९५० या काळात राज्यावर सुरुवातीला लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी होते, भारताचा तिरंगा फडकत होता, आणि पाकिटावर अजून निजाम सरकारचे तिकीट होते. १९५० मध्ये संस्थानाचे टपाल भारतीय डाकखात्यात विलीन झाले. या दीड-पावणेदोन वर्षांतली मराठवाड्यातली पत्रे मला साऱ्या संस्थानी काळातली सर्वांत बोलकी वाटतात, आणि बाजारात त्यांना मागणी फारशी नाही. कॅटलॉगमध्ये त्यांचा वेगळा रकाना नसतो, म्हणून.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्यातल्या घराघरांत निजामकालीन कागद बाहेर निघाले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. नोंद सापडली की कागदाची झेरॉक्स निघाली, दाखल्याची फाइल तयार झाली. मूळ कागदाबरोबरच्या इतर चिठ्ठ्या, लखोटे, कोर्ट फीची तिकिटे, मुद्रांक यांचे पुढे काय झाले? बऱ्याच ठिकाणी ते परत पेटीत गेले असतील, काही ठिकाणी चुलीत. संग्राहकाने या काळात गावात फिरायला हवे होते, आणि अजूनही वेळ गेलेली नाही.

इतर संस्थानांचा आढावा थोडक्यात उरकता येईल. मराठी घराण्यांच्या राज्यांपैकी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपले नाव छापून घेतले. होळकरांच्या इंदुरात १८८६ पासून आणि धारच्या पवारांकडे १८९७ पासून स्वतःची तिकिटे होती. धारची तिकिटे ओबडधोबड आणि देवनागरी, म्हणून मराठी संग्राहकाला जवळची. बडोद्याने आणि कोल्हापूरने स्वतंत्र तिकिटे काढलीच नाहीत. गोव्यात पोर्तुगीज इंडियाची तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ पासून १९६१ पर्यंत चालली. पहिली तर गोव्यातच हाताने छापलेली, आणि त्यांचे प्रकार इतके की माणूस आयुष्यभर तेवढेच जमवीत बसला तरी संपायचे नाहीत.

भारतभराच्या कहाणीतही महाराष्ट्राचा हात मोठा आहे. आशियातले पहिले तिकीट समजले जाणारे ‘सिंध डाक’ १ जुलै १८५२ रोजी काढणारे बार्टल फ्रिअर त्याआधी साताऱ्यात होते आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर झाले. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर तिकिटे आली, अर्ध्या आण्यात पत्र कुठेही. १९२५-२६ पासून तिकिटे लंडनऐवजी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. २१ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट आले, साडेतीन आण्यांचे, तिरंगा आणि ‘जय हिंद’. १९५८ मध्ये महर्षी कर्वे शंभर वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्यावर तिकीट निघाले, आणि हयात असताना भारतीय तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय ठरले. १९६१ मध्ये शिवाजी महाराज आले, १९७० मध्ये संत नामदेव. नामदेवांचे तिकीट परभणीकरांनी आवर्जून जमवावे असे. नरसी की पंढरपूर हा जन्मस्थळाचा वाद विद्वानांनी चालवावा; पण नरसी नामदेव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते आणि मग नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले, त्यामुळे त्या गावाहून आलेल्या पत्रांवर दोन वेगवेगळे जिल्हे दिसतात.

आता पैशाचा प्रश्न, कारण छंदाची चौकशी करणारा माणूस दुसऱ्या वाक्याला तिथेच येतो. गांधीजींच्या १९४८ च्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ छापलेली शंभरच तिकिटे झाली. त्यांतल्या चारांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली, आणि त्या बातमीने घराघरांत अल्बम उघडले गेले. वस्तुस्थिती अशी की १९६० नंतरची बहुतेक भारतीय तिकिटे लाखांच्या संख्येने छापली आहेत. मिंट अवस्थेत, म्हणजे कोरी, ती हजारो लोकांनी जपून ठेवली आहेत. व्यापाऱ्याकडे विकायला नेली तर छापील किमतीएवढे पैसे मिळाले तरी नशीब. ‘माय स्टॅम्प’ योजनेत २०११ पासून कोणीही आपला फोटो तिकिटाच्या शेजारी छापून घेऊ शकतो. बारशाची आणि साठीशांतीची हौस म्हणून ते ठीक, संग्रह म्हणून त्याला अर्थ नाही. सुगंधी तिकिटे (चंदनाचे २००६ मध्ये आले), खादीवरचे गांधी (२०११), यांचेही तेच. एकदा वास घेतला, झाले. हे माझे मत कोणाला कडवट वाटेल, पण अल्बमवर खर्च झालेल्या पैशांचा हिशेब केला तर पटेल.

मग जमवावे काय? माझे उत्तर पाकिटे आणि शिक्के. तिकीट देशभर एकच असते, गोल शिक्का मात्र त्या त्या गावचा असतो, तारखेसकट.

एक उदाहरण सांगतो, ते कोणाच्याही घरी पडताळून पाहता येईल. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. नवे तिकीट छापून येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रेफ्यूजी रिलीफ’ असे छापून काम भागवले गेले. नाशिकची छपाई सगळीकडे वेळेत पोहोचली नाही, म्हणून अनेक ठिकाणी स्थानिक छापखान्यांतून किंवा रबरी शिक्क्यांनी ही अक्षरे उमटवली गेली. ठिकाणागणिक अक्षरांचे वळण वेगळे. हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. म्हणजे १९७२ सालच्या कोणत्याही पत्रव्यवहारात, मग तो लग्नपत्रिकेचा लखोटा असो की आडत दुकानाचे बिल, हे छोटे तिकीट असण्याचा संभव आहे. साधे असेल तर कवडीमोल, स्थानिक छपाईचे असेल तर जाणकार उडी मारून घेतात. आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत मराठवाड्याने बंगालच्या निर्वासितांसाठी पत्रामागे पाच पैसे मोजले, हेही त्या पाकिटावर नोंदलेले असते.

अशीच दुसरी वस्तू मनीऑर्डरचे कुपन. परभणी-बीडकडची माणसे ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जात आली आहेत, बांधकामाला पुण्या-मुंबईला. पैसे घरी येत ते मनीऑर्डरने, आणि फॉर्मचा खालचा तुकडा, चार ओळींच्या मजकुराचा, घरच्यांच्या हाती राही. “पैसे मिळताच कळवणे, बैलाची काळजी घेणे” असल्या मजकुराशेजारी गावाचा शिक्का. जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर २०१५ पर्यंत मागे पडली. कुपने कोणी जपली नाहीत, कारण त्यांवर तिकीटच नसे. कॅटलॉगवाल्यांच्या लेखी ती वस्तूच नाही. मला विचाराल तर सोनपेठ भागात जमवण्यासारखे सर्वांत मोलाचे तेच.

फौजेत गेलेल्या मुलांची पत्रे हा तिसरा साठा. त्यांवर गावाचे नाव नसतेच. ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, एवढेच. मुलगा नेमका कुठे आहे हे आईला पाकिटावरून कळत नसे, आणि तेच अपेक्षित होते. अशी पत्रे मागताना मात्र जिभेला लगाम हवा. शहीद झालेल्याच्या घरी अल्बमसाठी पत्र मागणे हा छंद नव्हे, निर्लज्जपणा आहे.

अलीकडचा काळही कोरडा नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले संस्कृत कवी. सोनपेठचा ४३१५१६. त्याआधीच्या आणि नंतरच्या पाकिटांवर पत्ता लिहिण्याची पद्धत कशी हळूहळू बदलली हे पाहणे मोठे रंजक. कित्येकांनी पुढची दहा वर्षे पिन लिहिलाच नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आणे आणि नवे पैसे यांची मिश्र तिकिटे लावलेली पत्रे गेली. २००२ मध्ये पंचवीस पैशांचे मेघदूत पोस्टकार्ड आले, पत्त्याच्या बाजूला जाहिराती छापलेले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावर शिक्केही बदलू लागले, आणि अशा बदलाच्या काळात जुना शिक्का नेमका कधीपर्यंत मारला गेला हे पाकिटावरूनच सिद्ध होते. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. रजिस्टरचे लेबल लावलेली पाकिटे आजच रद्दीतून वेचली तर बरे.

सापडलेली वस्तू दाखवायची कोणाला, हा छंदाचा दुसरा अर्धा भाग. पूर्वी अदलाबदल पत्राने चाले. दोन तिकिटे पाठवा, दोन घ्या. शाळेतला मित्र परगावी बदलून गेलेल्या तलाठ्याचा मुलगा असला तर तोच दुवा. मोठ्यांच्या संस्था शहरात: फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ सालची. डाकखात्याचे राज्यस्तरीय प्रदर्शन ‘महापेक्स’. आता मोबाइलवर फोटो क्षणात जातो, हे चांगलेच. पण पाहणाऱ्याने “वा, सुंदर” म्हणून अंगठा दाखवला की काम झाले असे नाही. शोधाला किंमत येते ती दुसऱ्याने त्याच्या संग्रहातला तसाच नमुना काढून शेजारी ठेवला म्हणजे. तुमच्या पाकिटावरचा शिक्का १९३८ चा, त्याच्याकडचा १९४६ चा, तर त्या डाकघरात तोच शिक्का निदान आठ वर्षे चालला हे दोघांना मिळून कळते, एकट्याला नाही. म्हणून फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचा पाठवावा, पाठीमागचा पोहोचेचा शिक्का वगळू नये, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि वस्तू कुठल्या घरातून आली हे निदान स्वतःच्या वहीत लिहावे. पत्रातला खाजगी मजकूर झाकावा. भावकीची भांडणे सत्तर वर्षांनीही जिवंत असतात, आणि जमिनीच्या वाटणीचा उल्लेख असलेले पत्र चारचौघांत फिरले तर संग्राहकाला गावात चहा मिळणे बंद होईल.

दाखवण्याचा दुसरा फायदा खोटेपणा ओळखण्यात. हैदराबादच्या पहिल्या तिकिटांची १८८० च्या सुमारास पुन्हा छपाई झाली होती, भलत्याच रंगांतही. ती मूळ म्हणून विकली जातात. स्टॅनली गिबन्सचा कॅटलॉग किंवा माणिक जैन यांचे मार्गदर्शक पुस्तक चाळले की रंग, दाते, कागद यांचा अंदाज येतो, पण शेवटी ज्याने शंभर नमुने हाताळले त्याच्या डोळ्याला तोड नाही.

जपणुकीबद्दल थोडेच. पाकिटावरचे तिकीट भिजवून सोडवू नये. या एका सवयीने जितका इतिहास नष्ट झाला तितका वाळवीनेही केला नसेल. सेलोटेप आणि फेविकॉल वर्ज्य. मराठवाड्याचा उन्हाळा कागद ठिसूळ करतो आणि श्रावणात कोऱ्या तिकिटांचा डिंक एकमेकांना चिकटतो, तेव्हा लोखंडी पेटी भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर. कसर लागली का हे दिवाळीच्या साफसफाईत पाहावे.

मुले या छंदात येतील का, हा प्रश्न प्रत्येक संमेलनात विचारला जातो आणि विचारणारे सगळे साठीचे असतात. डाकखात्याने २०१७ मध्ये ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना आणली: सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती, देशभरात ९२०. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब हवा, तो नसेल तर मुलाचे स्वतःचे फिलाटेली डिपॉझिट खाते हवे. ते दोनशे रुपयांत उघडते आणि नवी तिकिटे घरपोच येतात. परीक्षेत प्रश्नमंजूषा आणि एक प्रकल्प. प्रकल्प म्हटला की मुले फुलपाखरे, क्रिकेट, रेल्वे असले विषय घेतात आणि इंटरनेटवरून मजकूर उतरवतात.

सोनपेठच्या मुलाने आपल्या तालुक्यातली डाकघरे हा विषय घ्यावा. देशात सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरे आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत. प्रत्येक शाखा डाकघराचा शिक्का वेगळा, तो मारणारा ग्रामीण डाकसेवक वेगळा. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड, त्यावर स्वतःचाच पत्ता, आणि वर पेन्सिलीने एक विनंती: शिक्का ठळक मारावा. शेजारच्या गावी बाजाराला, लग्नाला, जत्रेला जाताना खिशात दोन-चार कार्डे ठेवायची आणि तिथल्या पोस्टात टाकायची. शाईच्या गादीत तेल कमी असले तर पुसट येईल, मग पुन्हा टाकायचे. एका शाळेतली पाच मुले गावे वाटून घेऊन हे करू लागली तर एका शैक्षणिक वर्षात तालुक्याचा संच पुरा होईल, आणि जादा आलेली कार्डे गंगाखेड किंवा पाथरीच्या मुलांशी बदलता येतील.